शेवटी मास्तरच?

परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी नॉर्वेचा स्कीपटू आक्सेल लुंड स्विंडालचा फोटो टाकला. 2025 मध्ये तो अमेरिकन स्कीपटू लिंडसे व्हॉनचा कोच झाला, एवढंच खाली लिहिलं. आतेभावाचं उत्तर आलं, "दोन ऑलिम्पिक सुवर्णं, आणि शेवटी मास्तरच झाला!" त्यावर सात जणांचे अंगठे. तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

त्या 'मास्तरच'मधला 'च' बोचतो.

या माणसाने काय सोसलंय ते बघा. 2007 मध्ये बीव्हर क्रीकला सरावात असा कोसळला की चेहऱ्याची हाडं मोडली, वर स्कीच्या धारेने खोल जखम झाली. वर्षभराने त्याच उतारावर येऊन जिंकला. 2016 मध्ये किट्झब्यूलला गुडघा गेला, तरी 2018 च्या ऑलिम्पिकमध्ये डाउनहिलचं, म्हणजे उतारावरच्या सगळ्यात वेगवान शर्यतीचं, सुवर्ण घेतलं. 2019 मध्ये स्वीडनमधल्या ओरेला जागतिक स्पर्धेत शेवटची शर्यत, सुवर्ण दोन शतांश सेकंदांनी हुकलं. दुसऱ्याच दिवशी तिथेच व्हॉनने कांस्य घेऊन निरोप घेतला होता. ती चाळिशीत, गुडघ्यात कृत्रिम सांधा घेऊन परत उतरली. अशा बाईने सल्ला कुणाला विचारायचा? कुठल्या वळणावर गुडघ्याला भीती वाटते हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ना!

इकडे नॉर्वेत गुरुवारी संध्याकाळी स्की क्लबच्या टेकडीवर आमचा दुग्नाद असतो, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं बिनपगारी काम. मी ड्रिलने बर्फात भोकं पाडतो, काठ्या रोवतो, निळ्या रंगाने रेघा मारतो. शेजारी वाकून तेच करणारा एक बाप कधीकाळी देशाच्या ज्युनिअर संघात होता. 'अजून हेच करतोस का' असं त्याला कुणी विचारत नाही. आपल्याकडे पीटीचा तास म्हणजे गणिताच्या सरांना उसना द्यायचा तास. आचरेकर सर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले; पण शिष्य चमकले नसते, तर त्यांनाही आपण 'मास्तरच' म्हटलं असतं.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं.

माझे बाबा मिरजेच्या शाळेत पीटीचे सर होते. पहाटे खो-खोचं मैदान आखायचे. हाताची फक्की जेवतानाही पुरती गेलेली नसायची. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी विचारलं, वडील काय करतात? शिक्षक आहेत, म्हटलं. कुठला विषय? मी म्हणालो, गणित. बाबा शेजारीच बसले होते. काही बोलले नाहीत.

इथे मी बिनधास्त सांगतो, माझे वडील पीटी शिकवायचे. समोरचा लगेच विचारतो, कुठला खेळ? मग मी अर्धा तास खो-खो समजावत बसतो. हजारो मैलांवर येऊन अभिमान बाळगणं सोपं आहे, हे मला कळतं. आतेभावाने 'च' आज लावला, मी पंधरा वर्षांपूर्वीच लावून बसलोय.

काल निळ्या रंगाने माखलेल्या हातमोज्यांचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचा फोन आला.

"रेघ सरळ आली का रे?"