'ठरवून' या शब्दाचं इतकं वावडं का?

रोजची कामं करताना ठरवून लक्ष दिलं तर विस्मयाचा क्षण अनुभवता येतो, असं मी 'रोजच्या कामातला विस्मय' या लेखात लिहिलं होतं. त्यावरची एका वाचकाची प्रतिक्रिया आधी जशी आली तशी देतो : "भरल्या पोटाचे चोचले. ठरवून आलेला साक्षात्कार हा साक्षात्कारच नसतो. ज्यांना वेळ नाही त्यांनी काय करायचं? शिवाय मास्लोचं साल चुकलंय." पुढे तीन हसरे चेहरे.

साल चुकलं, मान्य. मानसशास्त्रज्ञ मास्लोचा 1943चा निबंध माणसाच्या गरजांच्या उतरंडीवरचा. 'शिखरानुभव', म्हणजे भारावून टाकणारा आनंदाचा क्षण, त्याने मांडला तो पुढच्या दशकात. दुरुस्ती केली आहे, आभार. पण चूक दाखवायची तर ती 'चोचल्यां'मध्ये घोळवूनच दाखवावी लागते का? मतभेदाला माझी ना नाही. टपली मारून पळण्याला आहे.

आता ते मधलं वाक्य. 'साक्षात्कार' हा शब्द माझ्या लेखात एकदाही नाही. तो तुम्हीच आणलात आणि तुम्हीच खोडलात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1902 साली अशा गूढ अनुभवांची चार लक्षणं सांगितली : शब्दांत न मावणं, काहीतरी कळल्याची खात्री, थोडाच वेळ टिकणं, आणि हे आपण केलं नाही, आपल्याला झालं अशी भावना. तुमचा आक्षेप चौथ्यावर उभा आहे. पण तिथेच जेम्स असंही म्हणतो की लक्ष एकवटण्यासारख्या मुद्दाम केलेल्या तयारीने हे अनुभव येणं सुकर होऊ शकतं. झोपही ठरवून लागत नाही, म्हणून कुणी दिवा मालवायचं सोडतं का?

आणि तयारी म्हणजे काय, ते लेखात स्पष्ट होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं. हाताला सवयीचं झालेलं काम घ्यायचं : भांडी विसळणं, कपड्यांच्या घड्या. सुरी किंवा वाहन नको, तिथे तंद्री लागली तर महागात पडेल. दहा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, गाणी बंद. सगळ्या इंद्रियांवर एकदम नाही, एकावरच लक्ष. नळाखाली तांब्या भरताना आवाज हळूहळू चढत जातो, कारण आतला हवेचा स्तंभ आखूड होतो. फक्त तेवढं ऐकायचं. पहिली तीन-चार मिनिटं कंटाळ्याची. बहुतेकजण तिथेच सोडतात.

घोटाळा ठरवण्यात नाही, मधेच 'विस्मय आला का, आला का' असं तपासण्यात आहे. 2003 साली मानसशास्त्रज्ञ जोनाथन स्कूलर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात संगीत ऐकताना 'जमेल तितकं आनंदी व्हा' असं सांगितलेल्यांची मनःस्थिती नुसतं ऐकणाऱ्यांपेक्षा वाईट झाली. तुमचा मुद्दा इथे लागू पडला असता, पण तुम्ही तो इथवर आणलाच नाहीत. दुसरी चूक त्या क्षणाचा फोटो काढण्याची. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेलच्या 2014च्या अभ्यासात संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या. (झूम करून एखादाच भाग टिपला, तेव्हा मात्र ही घट दिसली नाही. लक्ष कुठे होतं, प्रश्न तो.)

ठरवून काही होत नाही म्हणता? 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयस्कर मंडळींना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं विस्मय शोधत चालायला सांगितलं होतं. त्यांच्या सेल्फींमध्ये ते स्वतः आठवड्यागणिक कमी जागा व्यापू लागले, निसर्ग जास्त. सूचना देऊन, वेळ लावून केलेलं चालणं होतं ते!

नऊ वर्षं या विषयावर लिहितो आहे. 'भरल्या पोटाचे चोचले' ही शेरेबाजी मला नवी नाही, आणि ती करणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी दहा मिनिटं करून पाहिलेली असतात. वेळ नसलेल्यांचं म्हणाल, तर भांडी त्यांनाही विसळावीच लागतात. वेगळा वेळ मी मागितलाच कुठे?

पुढचा लेख घड्या घालण्यावर आहे. जरूर वाचा, चुका काढा. हसरे चेहरे तेवढे नकोत.