अक्कांचा चेहरा जुळला आणि माझी गैरहजेरी लागली

काल सकाळी 11 वाजून 47 मिनिटांनी मी सोलापुरात विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका अक्कांच्या उंबऱ्यावर बसले होते, आणि नेमक्या त्याच मिनिटाला कॉलेजने माझी समाजसेवेत गैरहजेरी लावली. चोवीस तास होत आले, डोकं अजून शांत व्हायला तयार नाही.

अक्कांची पेन्शन तीन महिने बंद आहे. महिन्याचे 1000 रुपये. जन्मभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या, त्याचे हे 1000. हयातीचा दाखला वर्षाच्या आत गेला नाही की पैसे थांबतात. दाखल्यासाठी अंगठा लागतो, आणि अक्कांचा अंगठा मशीन घेतच नाही. तेंदूची पानं कापून, तंबाखू भरून बोटांवरच्या रेघाच गेल्यात. दोनदा रिक्षाचे पैसे घालून गेल्या, दोनदा तशाच परत आल्या. म्हटलं अक्का, मी येते, फोनवर चेहऱ्याने होतंय आता.

होतंय, पण सहज नाही. आधी अर्ज भरून देणारी म्हणून माझा चेहरा, मग त्यांचा आधार, ओटीपी, पीपीओ म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा नंबर. तो नंबर पत्र्याच्या डब्यातल्या पिशवीत, पिशवीतल्या रुमालात, रुमालातल्या घडी पडून फाटलेल्या कागदावर. मग त्यांचा चेहरा. गोलात धरायचा आणि पापण्या मिटून उघडायच्या. अक्का पापण्या मिटतच नव्हत्या. फोन समोर आला की फोटो निघतोय म्हणून डोळे मोठे करून ताठ बसायच्या. आत उजेड कमी, बाहेर ऊन डोळ्यांवर. चार वेळा फेल.

आणि याच वेळी, याच फोनवर, कॉलेजचं ऑनलाइन सत्र चालू. विषय 'समाजाप्रती संवेदनशीलता'. हजर राहणं सक्तीचं, म्हणून जॉइन होऊन आवाज बंद करून ठेवलं होतं. हजेरी कशी? मध्येच कधीतरी चॅटमध्ये फॉर्मची लिंक टाकतात आणि पाच मिनिटांत बंद करतात. ती लिंक आली तेव्हा अक्कांचा चेहरा पाचव्यांदा गोलात होता, आणि त्यांची सून मागे उभी राहून तेलुगूत त्यांना समजावत होती. फॉर्म उघडला असता तर पहिल्यापासून सगळं परत. ओटीपी परत, उन्हात बसणं परत. नाही उघडला मी. अक्कांनी पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि दाखल्याचा नंबर आला. माझा हात हातात घेऊन बसून राहिल्या त्या. काही बोलल्या नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर यादी. माझ्या नावापुढे 'अनुपस्थित'. चार तास कापले.

माझ्या बाकावरची मैत्रीण त्या वेळी केस धूत होती. तिनेच सांगितलं, फोन बाथरूमच्या खिडकीत ठेवला होता आणि लिंक आल्यावर ओल्या हाताने भरली. तिला चार तास मिळाले. तिच्यावर राग नाही माझा. तिला हेच शिकवलंय की सेवा म्हणजे लिंक वेळेत भरणं.

मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, "सिस्टिम लॉक झाली, आता काही करता येणार नाही." मग विचारलं, मॅडम, तीन महिने दर रविवारी घरकुलात जाते, ते तास तरी धरा. तर म्हणे संस्थेच्या लेटरहेडवर पत्र आणा आणि लाभार्थ्यासोबतचा जिओटॅग फोटो लावा. लाभार्थी! या शब्दाची मला चीड आहे. त्या अक्का आहेत, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत मला. त्यांना शेजारी उभं करून, पट्टीवर अक्षांश-रेखांश घेऊन फोटो काढू? मला नाही जमणार ते. आणि लेटरहेड कुठलं आणू? तिथे संस्था नाही, गल्ली आहे.

नवीन शैक्षणिक धोरणात या कम्युनिटी एंगेजमेंटला, म्हणजे समाजसेवेला, 2 क्रेडिट आहेत. 2 क्रेडिट म्हणजे प्रत्यक्ष कामाचे 60 तास. प्रत्यक्ष कामाचे! आमच्याकडे त्यातला निम्मा वेळ वेबिनार आणि क्विझमध्ये जातो. क्विझची उत्तरं आदल्या रात्रीच टेलिग्रामवर फिरतात. ई-सर्टिफिकेटवर माझं नाव दोनदा चुकलं, दुरुस्तीसाठी अर्ज केला तर म्हणे तोही ऑनलाइनच करा, आणि ते पान उघडत नाही. परीक्षेच्या फॉर्मला हेच. शेवटच्या दिवशी सर्व्हर बंद, दुसऱ्या दिवशी लेट फी चालू. पैसे कापले गेले पण पावती नाही, म्हणून मागच्या सत्राला मी हॉल तिकिटासाठी तीन दिवस खेटे घातले. वृक्षारोपण तर विचारूच नका. एक खड्डा, एक रोप, आणि चाळीस जणांचे चाळीस फोटो. ते रोप पाण्यावाचून मेलं. त्याचे तास मात्र सगळ्यांना मिळाले.

पप्पा त्यांच्या वेळी एनएसएसला, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत, होते. एनएसएस 1969 ला सुरू झालं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, आणि दोन वर्षांत 240 तास अधिक 7 दिवसांचा निवासी कॅम्प हा हिशोब तिथल्या पोरापोरींना पाठ आहे. पप्पांच्या कॅम्पने अक्कलकोट तालुक्यातल्या एका ओढ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं आणि रचायचं. हाताला फोड आले. शाळेच्या खोलीत झोपायचे, गावातल्या घरांतून भाकरी यायची. त्या गावातून अजून लग्नाची पत्रिका येते आमच्याकडे! माझ्या वेबिनारमधून मला कोण ओळखतं? बोलणाऱ्या सरांना माझा चेहरासुद्धा माहीत नाही. दोन तास स्लाइड वाचत होते.

2020 ला घराबाहेर पडता येत नव्हतं, तेव्हा सगळं ऑनलाइन होतं ते कळतं. आता कुठला लॉकडाऊन आहे? कॉलेजपासून घरकुलापर्यंत रिक्षा मिळते. तिथे हयातीचा दाखला अडकलेल्या बायका आहेत, रेशनच्या केवायसीसाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या आहेत, बँकेचा मेसेज कुणी वाचून दाखवेल का म्हणून पोरांची वाट बघणाऱ्या आहेत. आमच्या वर्गातल्या प्रत्येकाकडे स्मार्टफोन आहे. वर्गातल्या साठ जणांना एक-एक गल्ली वाटून द्या. आठ दिवसांत सगळ्यांचे दाखले होतील. आणि हजेरीच हवी असेल तर मॅडम, तुम्ही स्वतः या, गल्लीत उभं राहून बघा कोण आहे आणि कोण नाही.

उद्या 11 वाजता दुसरं सत्र आहे. त्याचेही चार तास आहेत. अक्कांनी शेजारच्या दोघींना सांगून ठेवलंय. एकीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पापण्या मिटायला वेळ लागेल. 11 वाजता मी तिथे असेन. लावा गैरहजेरी.