मोज्यातल्या चार गोळ्या आणि आक्काचा फॉरवर्ड

रविवारी सकाळी सातला खानापूरहून आक्काचा फोन. "व्हॉट्सॲप बघितलास काय? आता तूच सांग की पोरीला." भाची बेळगावात लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत एलएलएम, म्हणजे कायद्यातली मास्टर्स, करायचंय, इमिग्रेशन कायदा शिकायचाय आणि जमलं तर पुढं तोच शिकवायचाय. नेमका त्यावरच मेसेज. भावकीच्या तिन्ही ग्रुपवर फिरून आलेला. वर 'पालकांनो, डोळे उघडा', खाली जोडलेले सहा हात.

मजकूर असा: वकिली चालत नाही तो प्राध्यापक होतो. इमिग्रेशन म्हणजे फॉर्म भरणं, ते एजंट पाच हजारात करतो. कॉलेजचं क्लिनिक (तिथं पोरं खऱ्या अशिलांच्या केस फुकट बघतात) म्हणजे गरिबांच्या केसवर पोरांनी हात साफ करून घेणं. आणि तिकडं किरकोळ केस झालीच तर गुन्हा कबूल करावा, दंड भरावा, मिटलं; वकील लागलाच तर सरकार देतंच.

बेळगावच्या कोर्टात बावीस वर्षं काळा कोट घालतोय, तरी एवढं ठाम मला कधी बोलता आलं नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून धरतो, कारण तो माणसं बुडवणारा आहे. 'कबूल करा, मिटलं.' मून्स मेलौली नावाचा ट्युनिशियाचा माणूस. विद्यार्थी म्हणून अमेरिकेत गेला, शिकला, कायम राहण्याचा परवाना मिळवला, विद्यापीठात गणित शिकवू लागला. २०१० मध्ये कॅन्सस राज्यात दारू पिऊन गाडी चालवली म्हणून धरला, तर मोज्यात चार गोळ्या सापडल्या. शेवटी गुन्हा कबूल केला तो गोळ्यांचा नव्हे, 'अमली पदार्थाचं साहित्य' बाळगल्याचा. साहित्य म्हणजे काय? तर तो पायातला मोजा! शिक्षा स्थगित, प्रोबेशन, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या अटीवर मोकळा. मिटलं की नाही? नाही मिटलं. त्याच कबुलीवर सरकारनं त्याला २०१२ मध्ये देशाबाहेर काढलं.

ही केस तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत नेण्यात कोण होतं? मिनेसोटा विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं इमिग्रेशन क्लिनिक, एका मोठ्या फर्मच्या वकिलांच्या जोडीनं. मुद्दा किती बारीक बघा. अमेरिकेत केंद्राच्या कायद्यानं हद्दपारीला केंद्राच्याच यादीतला अमली पदार्थ लागतो. कॅन्ससच्या यादीत निदान ९ पदार्थ त्या यादीबाहेरचे. आणि तो मोजा नेमक्या कुठल्या पदार्थासाठी होता, हे कॅन्ससच्या त्या गुन्ह्यात सिद्धच करावं लागत नव्हतं. १ जून २०१५ ला सात विरुद्ध दोन असा निकाल लागला: हद्दपारी चूक. पाच हजारातल्या कुठल्या एजंटानं दोन याद्या शेजारी ठेवून वाचल्या असत्या?

पाच वर्षं आधी त्याच कोर्टानं पडिया खटल्यात सांगितलं होतं की कबुलीमुळं हद्दपारी ओढवू शकते हे परदेशी अशिलाला सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. त्या पडियाला त्याच्या वकिलानं 'इतकी वर्षं इथं आहेस, काळजी नको' असं सांगितलं होतं. चाळीस वर्षांहून जास्त राहिलेला, व्हिएतनाम युद्धात नोकरी केलेला माणूस तो. आमच्या फॉरवर्डचा सल्ला शब्दाशब्दाला तोच आहे.

सरकार वकील देतं, हे निम्मं खरं. फौजदारी खटल्यात, तुरुंगाची वेळ येणार असेल आणि पैसे नसतील तर, देतं. हद्दपारीच्या सुनावणीत वकील लावायचा हक्क आहे, पण 'सरकारला खर्च न पडता', असं त्यांच्या कायद्यातच लिहिलंय. ती पोकळी जी काही भरतात त्यांत ही क्लिनिकं येतात. पोरं मोकाट नसतात. प्राध्यापकाच्या किंवा वकिलाच्या देखरेखीखालीच त्यांना उभं राहता येतं.

आता कबूल करायचं ते करतो. आपल्याकडं पूर्णवेळ पगारी लॉ प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. (उलट वकिली करणारा दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवू शकतो, १९७९ पासून.) म्हणजे तो कोर्टात दिसत नाही तो नियमामुळं, अंगात दम नाही म्हणून नव्हे. आणि क्लिनिकचं म्हणाल तर आपल्या बऱ्याच कॉलेजांत ते म्हणजे लोकअदालतीत फोटो काढून मार्कांसाठी फाईल लावणं, हे मी डोळ्यानं बघितलंय. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम ४ मध्ये लॉ कॉलेजांत क्लिनिकं उभी करण्याचं काम लिहून ठेवलंय. काम होत नाही, तर ते नीट शिकून येणारी पोरगी घरात ठेवायची काय? आक्का, त्याच कायद्याच्या कलम १२ नं तुला, बाई म्हणून, उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. हे तरी कधी फॉरवर्ड होऊन आलंय?

एजंटाबद्दल जास्त लिहीत नाही. परदेशात नोकरीला पाठवणाऱ्या नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. गेल्या वर्षी तुमच्याच तालुक्यातला एक पोरगा एक लाख ऐंशी हजार देऊन दुबईला गेला आणि उतरल्यावर त्याला कळलं की व्हिसा फिरायला जायचा आहे. त्याचे कागद माझ्या कपाटात आहेत.

फीचा आकडा बघून भावजींची झोप उडालीय, ते मात्र खरं आहे. त्यावर बोलायला येत्या रविवारी येतो. कर्जाचे कागद काढून ठेवा, आणि पोरीला तोवर अर्ज भरू दे.