लाल नागमोडी रेघ

सोसायटीच्या नोटिसा मी टाइप करायच्या आणि तळमजल्यावरच्या नानांनी तपासायच्या, अशी आमची वाटणी. नानांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली. पाणी दोन दिवस बंद आहे हे त्यांना नोटीस वाचून कळत नाही. 'दुरुस्ती'तला पहिला 'दु' मी दीर्घ काढलाय, हे मात्र जिन्यातूनच दिसतं.

या खेपेला मी गुपचूप कॉम्प्युटरवर मराठी स्पेलचेक बसवून घेतला. पहिलंच वाक्य लिहिलं, 'गच्चीवरच्यांनासुद्धा टाकी रिकामी दिसली.' पहिल्या शब्दाखाली लगेच लाल गांडूळ वळवळलं.

"अरे, त्याला गच्ची ठाऊक असेल," नाना म्हणाले. "गच्चीवर, वरचे, त्यांना आणि वर 'सुद्धा'! एवढं लटांबर बघून कोणीही बिचकेल."

मी ज्ञान पाजळलं. म्हटलं, यामागे हनस्पेल म्हणून जे असतं ते मुळात हंगेरियन भाषेसाठी केलेलं. तिथेही शब्दाला आपल्यासारखीच प्रत्ययांची आगगाडी.

"मग हंगेरीतल्या टाकीचं बघ म्हणावं."

शेवटी एफ वन दाबून मदत उघडली. मदत मराठीत होती, हीच अडचण. 'अपरिचित शब्द सानुकूल कोशात अंतर्भूत करावा.'

"सानुकूल म्हणजे रे?"

"कस्टम, नाना."

"मग तसं लिहायला काय धाड भरली होती?" हे शुद्ध मराठीवर प्राण टाकणारे नाना!

तर कोशात शब्द घालता येतो, एवढं कळलं. मग काय, लाल रेघ दिसली की घाल कोशात. दहा मिनिटांत नोटीस अशी स्वच्छ झाली की मलाच माझा अभिमान वाटला. प्रिंट काढली आणि नानांपुढे धरली.

"सभा 'गुरूवारी'?"

"गुरू दीर्घच ना? शेवटचा उकार दीर्घ, तुम्हीच सांगता."

"एकटा असला की दीर्घ. समासात पुढे बसला की तत्सम शब्द मूळचा ऱ्हस्व राहतो. गुरुवार! अठरा नियम आहेत, 1962 चे चौदा आणि 1972 चे चार. तुझ्या यंत्राला कोणी सांगितले नाहीत?"

यंत्राला ठाऊक होतं. त्याने रेघ मारली होती. मीच त्याचं तोंड दाबलं होतं.

नानांनी तो कोश उघडायला लावला. चष्मा कपाळावरून खाली आला, बोट एकेका ओळीवरून सरकू लागलं. 'गुरूवारी', 'आशिर्वाद', 'उज्वल', 'दूरुस्ती'... प्रत्येकाला एक सुस्कारा. तळाशी बोट थांबलं.

"आणि हे 'नानांच्याच्याने' काय आहे?"

"'नानांच्याच्याने जिना चढवत नाही, म्हणून सभा तळमजल्यावर', असं लिहिलंय. तुमच्याखाली लाल रेघ आली होती."

नाना बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले.

"मला राहू दे," म्हणाले. "बाकीचे काढ."