उन्हाळ्याला कशाला बदनाम करता?

"उन्हाळा हाय साहेब, मशीन तापणारच की." हे वाक्य पुन्हा कुणा कॉम्प्युटर दुकानवाल्यानं मला ऐकवलं तर मी तिथंच भांडण काढणार आहे. कोल्हापूरचा उन्हाळा म्हणजे काय चंद्रपूर आहे का? तिकडं पारा ४५ च्या वर जातो, तरी लोकांचे कॉम्प्युटर चालतात. आपल्याकडं एप्रिलात ३७-३८, आणि संध्याकाळी वारं सुटतं. एवढ्यात प्रोसेसर ९० अंशांवर जाऊन बसतो म्हणे!

उद्यमनगर आणि शिरोली या इथल्या औद्योगिक वसाहतींतल्या फाउंड्र्यांसाठी पॅटर्नची (ज्यावरून ओतकामाचा साचा काढतात त्या नमुन्याची) थ्रीडी मॉडेलं आणि मशीनिंगचे टूलपाथ, म्हणजे कटरनं कसं फिरायचं ती वाट, कॉम्प्युटरवर करून देणं हा माझा धंदा आहे. जुना रायझन ५ ३६०० प्रोसेसर मोठ्या कामाला दमायचा, म्हणून रायझन ७ ५८००एक्स घेतला. मदरबोर्ड तोच, सॉकेट तोच, खोली तीच, टेबल तेच. दुकानात प्रोसेसर बदलून घेतला, कॅबिनेटचे दोन पंखेही नवे टाकून घेतले. मशीन घरी आणून टूलपाथ लावला आणि पाहतो तर टेंपरेचर सरळ ९०. त्या चिपची मर्यादाच ९० आहे. तिथं पोचली की ती जीव वाचवायला आपला वेग आपणच तोडते. म्हणजे आठ कोअरचे पैसे मोजायचे आणि काम जुन्याच गतीनं काढायचं.

परत घेऊन गेलो, तर पहिलं उत्तर उन्हाळा. अहो, खोली आठ अंशांनी तापली तर प्रोसेसरही साधारण तेवढाच वर सरकतो. आदल्या आठवड्यापर्यंत याच खोलीत जुना प्रोसेसर याच कामाला ८० च्या आत होता. उन्हाळा काय प्रोसेसर बदलायची वाट बघत बसला होता? दुसरं उत्तर, व्होल्टेज कमी-जास्त होत असेल. तिसरं, व्हायरस असेल, फॉरमॅट मारूया.

आणि मारला! "डी ड्राइव्हला हात लावत न्हाई, काळजी करू नका." डी ड्राइव्हला नाहीच लावला. पण माझी टूल लायब्ररी सी मध्ये होती. कुठल्या कटरला किती फीड, किती स्पीड, कुठल्या गिऱ्हाइकाच्या मशीनला कुठला पोस्ट प्रोसेसर (टूलपाथ त्या मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम), हे सगळं वर्षानुवर्षं एकेक आकडा जुळवत बसवलेलं. हे सी मध्ये आहे, आधी कॉपी काढा, असं मी काउंटरवर उभं राहून सांगितलं होतं. ऐकणारा मान हलवत होता आणि फोनवर बोलत होता. कॅडकॅमचं, म्हणजे मॉडेल आणि टूलपाथ करायच्या सॉफ्टवेअरचं, लायसन्सही नव्यानं चालू करून घ्यावं लागलं, तोवर गिऱ्हाइकाचे फोन वेगळेच. एवढं करून टेंपरेचर किती? ९०.

मग मी घरीच कॅबिनेट उघडलं. जे दिसलं त्यानं डोकं फिरलं.

५८००एक्सच्या डब्यात कूलर, म्हणजे प्रोसेसरवर बसवायचा धातूचा ठोकळा आणि पंखा, येतच नाही. कंपनी देत नाही, कारण तिला माहीत आहे की हा १०५ वॉटचा प्रोसेसर आहे, त्याला दमदार कूलर लागतो. जोर लावला की सॉकेटमधून १४२ वॉटपर्यंत ओढतो. जुना ३६०० होता ६५ वॉटचा, त्याची ओढ ८८ पर्यंत. त्याच्याबरोबर आलेला तो बुटका वेंगुर्ल्याच्या काजूएवढा कूलर, तोच या पठ्ठ्यांनी उचलून नव्या प्रोसेसरवर ठेवला. कूलर वेगळा घ्यावा लागेल, एवढं एक वाक्य सांगायला काय जात होतं? मी तिथंच घेतला असता, धंदा त्यांचाच झाला असता.

बरं, ठेवला तो तरी नीट ठेवावा! खालची जुनी पेस्ट, जी प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेते, ती वाळून खडखडीत झालेली. ती पुसायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन्हीकडचा धातू चकचकीत करायचा आणि मग नवी लावायची. यांनी वाळलेल्या थरावरच नवी थापली. चार स्क्रूंपैकी एक तर आट्यात धरलेलाच नव्हता, त्या कोपऱ्याला कूलर उचललेला. समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं असतं. हे शिकायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, उद्यमनगरातला नवीन लागलेला पोरगासुद्धा फ्लँजचे बोल्ट तसेच आवळतो.

सगळ्यात संतापाची गोष्ट पुढंच आहे. कूलरच्या पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवर नव्हती, कॅबिनेटच्या पंख्यासाठी असलेल्या पिनांवर होती. तिथं पंखा प्रोसेसर किती तापलाय ते न बघता मदरबोर्डच्या टेंपरेचरवर चालत होता, म्हणजे निवांत. अशी वायर चुकली की माझा बोर्ड चालू होतानाच 'सीपीयू फॅन एरर' म्हणून ओरडतो आणि पुढं जात नाही. मग तो माझ्याकडं का ओरडला नाही? बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, शिरून बघितलं. ती सूचनाच 'इग्नोअर' करून ठेवलेली! म्हणजे एरर त्यांना दिसली होती. वायर दोन इंच सरकवायची सोडून त्यांनी मशीनचं तोंड बंद केलं आणि माझ्या हातात दिलं. ही चूक नव्हे, ही लबाडी आहे. कॅबिनेटचा पुढचा पंखाही उलटा बसवलेला, हवा आत घ्यायची तर बाहेर फेकत होता. ज्या बाजूला फ्रेमच्या काड्या आणि स्टिकर असतं, त्या बाजूनं हवा बाहेर पडते, एवढं पंखा हातात धरला तरी कळतं.

चार हीट पाइपांचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा) उंच टॉवर कूलर आणला, पेस्ट नवी, वायर जागेवर, पंखा सुलटा, ती सूचना परत चालू. तोच टूलपाथ, तोच एप्रिल, तीच खोली: ८० च्या आत.

दुकानात जाऊन फोटो दाखवले आणि फॉरमॅटचे व मजुरीचे पैसे परत मागितले. मालक म्हणाला, "आता चालतंय न्हवं? मग इषय संपला की." संपला कुठं? प्रोसेसर बदलून झाल्यावर दहा मिनिटं लोड देऊन टेंपरेचर बघायचं, गिऱ्हाइकाला आकडा दाखवायचा, मग बिल फाडायचं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तेवढंही करायचं नसेल तर स्क्रू ड्रायव्हरला हात लावू नका. पैसे अजून मिळालेले नाहीत. बायोसच्या त्या पानाचा फोटो बिलाला जोडून ठेवलाय, आता ग्राहक आयोगाकडं अर्ज करतोय.