सहा व्होल्ट

गाडीचा दोष मी शोधला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण काल दुपारी नागपूरच्या गोकुळपेठ मार्केटात जमलेल्या जनतेचं मत वेगळं आहे, आणि भाजीवाल्या मावशींनी तर सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी फुकट देऊन त्या मतावर शिक्काही मारलाय. जुडी मला नाही मिळाली.

गाडी म्हणजे आमची मारुती ८००, मॉडेल २००८. ही गाडी १९८३च्या डिसेंबरात आली आणि २०१४च्या जानेवारीत कंपनीनं ती बनवणं थांबवलं. एवढ्या वर्षांत इतक्या विकल्या गेल्या की पार्ट अजून गल्लोगल्ली मिळतात, आणि सल्ले पार्टांपेक्षा जास्त. पंधरा वर्षं भरल्यावर आरटीओत पाच हजार भरून पुढच्या पाच वर्षांची मुदत घेतली, तेव्हा घरातला ‘विकून टाका’ हा विषय मिटला असं वाटलं होतं. उन्हाळा लागला आणि बाईसाहेबांनी नवा चाळा सुरू केला. किल्ली फिरवली की कधी एका झटक्यात चालू, कधी नुसतं ‘टक्’. त्यात ना नेम ना वेळ. सकाळी थंड असताना ‘टक्’, दुपारी बेचाळीस डिग्रीत मात्र गुपचूप चालू. दुसऱ्या दिवशी बरोबर उलटं.

गाडी पूर्ण बंद पडली तर निदान दया तरी येते लोकांना. अधूनमधून बंद पडणाऱ्या गाडीच्या मालकावर कोणी विश्वासच ठेवत नाही. मेकॅनिकच्या दारात ती अर्ध्या किल्लीत चालू व्हायची. तो हात पुसत यायचा, कान लावून ऐकायचा आणि म्हणायचा, “चालू तर आहे साहेब, काय दुरुस्त करू?” मग माझं तोंड बघून त्यानं बॅटरी बदलली. थोडे दिवस बरे गेले, परत ‘टक्’. स्टार्टर उतरवून त्याचे ब्रश बदलले. परत थोडे दिवस बरे. मग रिले. प्रत्येक वेळी गुण यायचा, कारण काढघाल करताना तारा हलायच्या, हे मला फार नंतर कळलं. मोजून कोणी पाहिलं नाही. व्होल्ट मोजायचा मीटर आहे का, असं एकदा विचारलं तर त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या अनुभवाची पावती मागतोय.

शेवटी मीच बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन मल्टिमीटर घेतला आणि गाडीतच ठेवून दिला. गाडीत मीटर आल्यापासून तिनं ‘टक्’ करणं सोडलं. घराच्या फाटकात मी मीटरचे काटे लावून उभा, बायको किल्ली फिरवतेय, गाडी चालू. “अहो, बिघडली की बोलवा,” असं म्हणून ती आत गेली. तिचंही बरोबरच.

आणि काल बिघडली. लक्ष्मीभुवन चौकाच्या बाजूला, भर दुपारी, मागे एक ऑटो आणि ऑटोच्या मागे सगळं गोकुळपेठ.

तिथं काका भेटले. डोक्याला पांढरा दुपट्टा असा गुंडाळलेला की फक्त डोळे आणि तोंड दिसावं, आणि हातात खर्र्याची, म्हणजे सुपारी-तंबाखूची, पन्नी. आपल्याकडे २०१२पासून गुटखाबंदी आहे, ती कुठं पाळतात ते मला माहीत नाही; गोकुळपेठेत तरी नाही. काका दोन्ही तळव्यांत पन्नी धरून खर्रा घोटत होते, आणि घोटता घोटता निदान करत होते. तोंडात आधीचा ऐवज होताच, त्यामुळे हनुवटी आभाळाकडे करून बोलायचे.

“नाही होऊन राहिली काय चालू?”

“नाही ना काका.”

“लाइट लावा बरं.”

लावले. लख्ख.

“हॉर्न मारा.”

मारला. मागच्या ऑटोवाल्याला वाटलं मी त्यालाच हॉर्न देतोय, तो वेगळा पेटला.

“मंग बॅटरी गेली,” काकांनी निकाल दिला.

“काका, लाइट लागतात, हॉर्न वाजतो. मग बॅटरी कशी गेली?”

“तेच तं सांगून राहिलो. सारी बॅटरी लाइट अन् हॉर्ननं खाल्ली. स्टार्टरले काय उरलं?”

यावर दोघाचौघांनी माना डोलावल्या. बॅटरी नवी आहे, मार्चमध्येच घेतली, असं मी म्हटलं.

“नवीन हाय म्हणूनच तं. आजकालचं नवीन काई टिकते काय?”

मी मीटर काढला. बॉनेट उघडलं. तपासणी सोपी असते: एक काटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि कोणीतरी किल्ली फिरवून धरून ठेवायची. अर्थची वायर, म्हणजे बॅटरीचं मायनस इंजिनला जोडणारी, धड असेल तर मीटर अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. स्टार्टरमधून शंभर अँपिअरच्या वर करंट जातो, त्यामुळे जोडावर शतांश ओहमचाही गंज असला की एक व्होल्ट तिथंच खर्च होतो. लाइटला जेमतेम दहा अँपिअर लागतात, त्याला असल्या गंजाची खबरही लागत नाही. म्हणून लाइट लख्ख आणि स्टार्टर ‘टक्’. एवढंच आहे. पण किल्ली फिरवायला माणूस लागतो, आणि हजर असलेला एकमेव उत्साही माणूस म्हणजे काका.

काका बसले. आधी आरसा त्यांच्या हिशेबानं लावला. मग सीट मागे घेतली. “मी म्हणेन तेव्हा फिरवा, आणि सोडू नका,” मी ओरडलो. “हौ,” म्हणून त्यांनी लगेच फिरवली आणि लगेच सोडली. मग फिरवून धरली, पण मध्येच दार उघडून थुंकायला वाकले. अखेर एकदाची धरली. टक्. मीटरवर सहा पॉइंट एक.

सहा! मला इतका आनंद झाला की मी भर रस्त्यात “सापडलं” म्हणालो. निम्मी बॅटरी वाटेतच, त्या एका वायरीत मरत होती.

काका उतरून मीटरमध्ये डोकावले. “हे बीपीचं मशीन हाय काय?”

“व्होल्ट मोजायचं.”

“किती आले?”

“सहा.”

“पायजे किती?”

“अर्ध्याच्याही खाली.”

काका घोटायचे थांबले. “बॅटरी बाराची असते ना?”

“हो, पण हे बॅटरीचे नाहीत काका, हे मध्ये वाया जाणारे आहेत. हे कमीच पाहिजेत.”

“कमी पायजे?” ते गर्दीकडे वळले. “पाह्यलं का, सायेब म्हणते बॅटरी कमी पायजे!”

गर्दी हसली. ऑटोवालाही हसला, ज्याला माझ्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला होता आणि ज्यानं खरं तर माझ्या बाजूनं चिडायला हवं होतं. मी करंट, गंज, अर्थिंग वगैरे समजावून सांगायला लागलो. भर उन्हात ओहमचा नियम सांगणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

तेवढ्यात काकांनी पन्नी खिशात घातली, आत हात घालून दोन्ही तळवे इंजिनवर ठेवले आणि बैल ढकलावा तसा एक दणका दिला. “मारा आता सेल.”

मारला. चालू.

टाळ्या वाजल्या. खरोखर वाजल्या. इंजिन रबरी माउंटिंगवर हललं, वायरीचं टोक पुन्हा लोखंडाला टेकलं, म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं. पण हे ऐकायला थांबलं कोण? मावशींनी काकांना सांभार दिला. काका मला म्हणाले, “बॅटरी बदलून घ्या, राजेहो.” आणि गेले. सीट अजून मागेच आहे, तिचा खटका अडकलाय.

आज सकाळी मेकॅनिककडे गेलो आणि बोट ठेवून वायर दाखवली. बोल्ट सोडला तर खाली हिरवा-पांढरा भुगा. वीस मिनिटांचं काम. नवी वायर दीडशे, मजुरी शंभर, आणि खाली तिसरी ओळ: चेकिंग चार्ज तीनशे.

“चेकिंग तर मी केलं,” मी म्हटलं.

“हो ना साहेब. तुम्ही चेक केलं ते बरोबर आहे का, ते मी चेक केलं.”