आठवड्याला अर्धा तास

गोव्यातील डिचोली तालुक्यातील आमच्या गावच्या जत्रेत माझ्या मामांनी पंचवीस वर्षे नाटकांतून भूमिका केल्या. दीड वर्षापूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचाघातामुळे बोलणेही गेले. समोरच्याचे बोलणे त्यांना बरेचसे कळते, व्यवहार समजतो, परंतु हवा असलेला शब्द तोंडात येत नाही. गेल्या चवथीला त्यांनी आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली आणि पाटावर बसल्यावर मामीकडे पाणी मागताना ते अडखळले. पाठ झालेले गाणे उमटणे आणि मनातले वाक्य जुळवणे या मेंदूच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ठाऊक नसल्याने काहींना ते सोंगच वाटले.

मामांना आठवड्यातून एकदा अर्धा तास स्पीच थेरपी मिळते. दोन बसगाड्या बदलून जाण्यायेण्यात अख्खी सकाळ जाते, आणि एकही खेप चुकली नाही तरी वर्षाकाठी २६ तास भरतात. जर्मनीत पक्षाघाताला सहा महिने उलटून गेलेल्या दीडशेहून अधिक वाचाघातग्रस्तांवर झालेला आणि २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्याशी ताडून पाहावा. तेथे आठवड्याला किमान दहा तास याप्रमाणे तीन आठवडे उपचार दिले, म्हणजे आमच्या वर्षभरापेक्षा अधिक. त्यानंतर त्या रुग्णांचा रोजच्या प्रसंगांतील संवाद सुधारला; उपचारांसाठी थांबून राहिलेल्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. ‘आता वर्ष झाले, यापुढे काही होणार नाही’ हे आम्हांला कितीदा तरी ऐकवले गेलेले वाक्य म्हणूनच मला मान्य नाही.

अर्थात, तास वाढवले की वाचा परत येते असे मी म्हणत नाही. पक्षाघातानंतरच्या पहिल्याच आठवड्यांत उपचारांचा मारा करून अधिक लाभ होत नाही, असे ऑस्ट्रेलियातील एका मोठ्या चाचणीत आढळले. शिवाय थकवा येऊन मध्येच सोडून देणारेही असतात. पण नाटक बसवताना आमच्या गावात महिनाभर रोज रात्री तालीम चालते. आठवड्याला अर्धा तास तालीम करून रंगमंचावर जाण्याचे धाडस मामांनी कधीच केले नसते.

गोव्यात भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. मामांची घरची भाषा कोंकणी, नाटकाची आणि वर्तमानपत्राची मराठी, बँकेतली इंग्रजी. वाचाघातानंतर या साऱ्या भाषा सारख्याच प्रमाणात परततात असे नाही. परराज्यातून आलेल्या, मन लावून शिकवणाऱ्या एका मुलीने पेल्यातील पाण्याचे चित्र दाखवले तेव्हा मामा स्पष्टपणे ‘उदक’, म्हणजे कोंकणीत पाणी, असे म्हणाले आणि तक्त्यावर ती चूक म्हणून नोंदली गेली. तिला दोष देण्यात अर्थ नाही. कोंकणी-मराठीतील, आमच्या स्वयंपाकघरातील, बाजारातील, जत्रेतील आणि फेस्तातील शब्दांचे साहित्य तिच्या हाती कोणी दिलेच नव्हते.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. एवढ्याशा राज्यात वर्षातून दोनदा, तीन आठवड्यांचे निवासी नसले तरी रोजचे शिबिर सरकारी खर्चाने भरवावे. त्यात प्रत्येकाला रोज दोन-तीन तास, थोडे एकट्याने व थोडे गटात, बोलते करावे आणि घरच्या एका माणसालाही शिकवावे. मामांच्या मुक्कामाची सोय मामीने केव्हाच ठरवून ठेवली आहे: पणजीला, तिच्या धाकट्या बहिणीकडे.